आधी पान उलटून बघा!

मृगाच्या सरी पडून गेल्या की आमच्या बिद्रीत प्रत्येक घराचं परसदार कसं भरून येतं! टोकलेल्या भोपळ्या-दोडक्याचे वेल डोकं वर काढतात, कढीपत्त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते, लिलीचे कांदे तरारतात. आणि नेमकं त्याच वेळी एका सकाळी पानांची चाळणी झालेली दिसते. कुठे भोकं, कुठे कडा कुरतडलेल्या, तर कुठे नुसती शिरांची जाळी!

अशा वेळी आपण बायका काय करतो? आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचं हे बोलणं ऐका. "आक्का, कढीपत्त्याची निम्मी पानं खाल्लीत बघा. ह्यांनी आणलेलं औषध जरा उरलंय पंपात. तेच मारून टाकतो आज."

आमचं बिद्री म्हणजे साखर कारखान्याचं गाव. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर चहूकडे ऊस. त्यामुळे पाठीवरचा पंप आणि कोपऱ्यातली औषधाची बाटली घरोघरी असणारच. पण मैत्रिणींनो, शेतातलं ते 'औषध' आणि आपल्या आमटीतला कढीपत्ता यांत फार अंतर राहिलेलं नाही, हेच आज मला सांगायचं आहे. पान कुणी खाल्लं हे कळलं, तर दहातल्या आठ वेळा बाटलीची गरजच पडत नाही.

भोक वाचायला शिका

पानाचं नुकसान करणारे किडे दोन जातींचे. एक चावून खाणारे, दुसरे सोंडेने रस शोषणारे. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे. त्यांच्यामुळे पान आकसतं, पिवळं पडतं, चिकट होतं, पण त्याला भोक पडत नाही. भोक दिसलं, कड कुरतडलेली दिसली, की समजायचं, हे अळीचं, भुंगेऱ्याचं, नाकतोड्याचं नाहीतर गोगलगायीचं काम.

आता पान उलटून बघा. खाली काळ्या-हिरव्या बारीक गोळ्या (म्हणजे अळीची विष्ठा) पडल्या असतील, तर अळी तिथेच वरच्या पानात दडलेली असते. चकाकणारा वाळलेला चिकट माग दिसला, तर रात्री गोगलगाय येऊन गेली. लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ दिसली, तर ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्याच्या आत राहते, म्हणून वरून काहीही शिंपडलं तरी तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. तेवढी पानं खुडून टाकणं हाच सोपा उपाय.

आणि गुलाबाच्या पानाची कड कात्रीने कापावी तशी गोल कापलेली दिसली तर? तर काहीच करायचं नाही. ती एक लहानशी मधमाशी असते. पानाचा तुकडा ती खात नाही, पिलांच्या घरट्याला अस्तर लावायला नेते. गुलाबाचं त्यात काही बिघडत नाही. उलट आपल्या भाज्यांच्या फुलांवर हीच माशी येते. या बिचारीवर कितीजणींनी औषध मारलं असेल, कुणास ठाऊक!

कोणत्या झाडावर कोण?

कढीपत्ता आणि लिंबू: पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर जरा निरखून बघा. ती शीट हळूच चालायला लागेल! ही फुलपाखराची लहान अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं हे सोंग. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला काडीने डिवचलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, चावत-डसत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, त्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. झाड मोठं असेल तर चार-सहा अळ्या राहू द्याव्यात. झाड वीतभर असेल, तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

भोपळा, दोडका, काकडी: वेल दोन पानांचा असतानाच ज्वारीच्या दाण्याहून जरा लांबट, नारिंगी-लाल भुंगेरे येतात. मोठ्या वेलाला ते फारसं काही करू शकत नाहीत, पण दोन पानी रोप एका दिवसात संपवतात. सकाळी दंव असताना ते सुस्त असतात, तेव्हाच वेचायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. दुपारी गेलात तर भुर्रकन उडून जातात. यांची अंडी बुंध्याजवळच्या ओल्या मातीत असतात आणि अळ्या मुळं खातात. म्हणून हंगाम संपला की जुने वेल उपटून तिथली माती खणून उन्हात तापू द्यावी.

वांगी: इथे मोठी फसगत होते. ठिपक्यांचे दोन किडे दिसायला सारखेच. एक आपला मित्र, दुसरा चोर! तांबड्या रंगाचा, काचेसारखा चकचकीत, तो ढालकिडा. तो मावा खातो, त्याला हात लावू नका. तपकिरी, मळकट, अंगावर बारीक लव असलेला आणि खूप ठिपक्यांचा, तो पाला खाणारा. त्याची पिवळी काटेरी अळी पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करते. पानामागे पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला आणि वर जाळी झाली असेल, तर ते पान खुडायचं.

लिली: काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेली अळी जून-जुलैत घोळक्याने येते आणि आठवड्यात अख्खा ताटवा बुडख्यापर्यंत खाते. ती कांद्यातही शिरते. रोज एकदा बघून वेचणं, एवढंच पुरतं.

तगर, कण्हेर: बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्याकडे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. मुलं बघून किंचाळतात, पण ही निरुपद्रवी. झाड सोसतं, तिला असू द्या.

शेवगा: पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठा बसलेला दिसतो. दिवसा खोडावर मुक्काम, रात्री पाल्यावर चढाई. यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. म्हणून मुलांना लांब ठेवून लांब काठीला फडकं गुंडाळून साबणाच्या पाण्याच्या बादलीत ओढायचे. दिवसा सगळे एकाच जागी सापडतात, हा आपला फायदा.

टोमॅटो, कोबी, एरंड: पानामागे तपकिरी कापसाने झाकल्यासारखा अंड्यांचा ठिपका दिसला, तर ती तंबाखूची पानं खाणारी अळी. जवळच निपाणीचा तंबाखू पट्टा असल्यानं आपल्याकडे ती जुनीच ओळखीची. आता सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला काहीच ती सोडत नाही. पहिले काही दिवस पिलं एकाच पानावर घोळक्याने असतात आणि पान कागदासारखं पांढरं होतं. तेवढं एक पान त्या दिवशी खुडलं, तर शंभरावर अळ्या गेल्या. दोन-चार दिवस उशीर झाला, की त्या बागभर पसरल्या आणि दिवसा मातीत लपल्या!

बॅटरी घेऊन रात्रीची फेरी

दिवसा झाडावर काहीच सापडत नाही आणि सकाळी मात्र पानं खाल्लेली. मग चोर रात्रीचा आहे हे उघड आहे. जेवणं झाली, भांडी घासून झाली की बॅटरी घेऊन दहा मिनिटं परसात फिरा. गुलाबावर, बोरीवर, कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे पाला कुरतडताना दिसतील. त्यांत हुमणीचे भुंगेरे असतात. हुमणी हे नाव आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. उसाची आणि भुईमुगाची मुळं खाणारी, मातीतली ती पांढरी, वाकडी अळी याच भुंगेऱ्यांची पोरं.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की मे-जूनच्या संध्याकाळी हे जमिनीतून बाहेर पडतात, झाडांवर जमतात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. वर्षाला यांची एकच पिढी. एक मादी चाळीस-पन्नास अंडी घालते. म्हणजे त्या मोजक्या संध्याकाळी जेवढे भुंगेरे धरले, तेवढं पुढचं वर्ष हलकं. झाडाखाली जुनं लुगडं पसरायचं, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण टाकलेल्या पाण्यात टाकायचे. नाहीतर अंगणात दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची. हे काम एका घराने करून भागत नाही, सगळ्या गल्लीने एकाच आठवड्यात केलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे, पोरांना हा खेळ भारी आवडतो!

हाताला जपा

वेचायचं म्हणजे उघड्या हाताने सगळंच धरायचं, असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मराठवाड्यातून 'घोणस अळी'च्या बातम्या आल्या आणि राज्यभर घबराट पसरली. ती खरी साप-बिप नाही, एक जाड, हिरवी, काटेरी अळी. तिच्या काट्यांत विष असतं, स्पर्श झाला की आग होते, वेदना होतात. बांधावरच्या गवतावर, एरंडीवर ती दिसते. काटे लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद ओढा म्हणजे बारीक काटे निघतात, मग बर्फ लावा आणि त्रास वाढला तर लगेच दवाखाना गाठा. साधा नियम लक्षात ठेवा. केसाळ आणि काटेरी अळीला चिमटा किंवा काडी, गुळगुळीत अळीला हात चालेल. गोगलगायीलाही हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हवीच, कारण तिच्यातून माणसाला रोगजंतू लागू शकतात. संध्याकाळी ओलं गोणपाट झाडाजवळ टाकून ठेवलं, की सकाळी त्याखाली सगळ्या जमलेल्या सापडतात.

आपल्या हातातले उपाय

पहिला उपाय हात, दुसरा पाणी. वेलीवर पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी निम्मी पिलं गळून पडतात. तिसरा उपाय राख. ज्यांच्याकडे अजून बंब किंवा चूल आहे, त्यांनी चाळलेली राख दंव असताना भोपळ्या-काकडीच्या कोवळ्या पानांवर पातळ भुरभुरावी. पावसाने धुऊन गेली की पुन्हा.

चौथा उपाय निंबोळी अर्क. पाऊस लागायच्या आत निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत खडखडीत वाळवून ठेवा. पन्नास ग्रॅम बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी जुन्या सुती फडक्यातून दोनदा गाळायची, त्यात चमचाभर साबणाचा चुरा विरघळवायचा. हाच पाच टक्क्यांचा अर्क. भरड सकाळी भिजवून संध्याकाळी गाळली तरी चालते. फवारायचा मात्र उन्हं उतरल्यावरच, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. पानाच्या खालून फवारायचा, त्याच दिवशी संपवायचा आणि आठ दिवसांनी पुन्हा. आपल्याकडे जुलैत धो-धो पाऊस, तेव्हा उघडीप बघूनच फवारा.

एक लक्षात घ्या, निंबोळी अर्काने अळी पटकन मरून पडत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकता येत नाही, मग ती संपते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून "काय उपयोग नाही बाई" म्हणत बाटलीकडे वळू नका. चार दिवस धीर धरा. लहान अळ्यांवर याचा गुण चांगला, मोठ्या अळ्या वेचलेल्याच बऱ्या.

कडुनिंबाचं हे ज्ञान साऱ्या जगाने मानलेलं आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा सगळी झाडं फस्त झाली, पण कडुनिंब हिरवा राहिला, हे एका जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टिपलं. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी निंबोळीचं पाणी फवारून टोळांपासून पीक वाचवून दाखवलं. पुढे एका अमेरिकन कंपनीने आणि तिथल्या शेती खात्याने मिळून कडुनिंबाच्या तेलाच्या एका वापराचं युरोपात पेटंट घेतलं. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. हे तर भारतात पूर्वापार माहीत आहे, असं दाखवून दिल्यावर २००० साली ते रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. ज्यासाठी एवढी भांडणं झाली, ते आपल्या दारात पडून असतं आणि आपण झाडून टाकतो!

एवढं करूनही अळ्या आटोक्यात येत नसतील, तर कृषी सेवा केंद्रात 'बीटी' जिवाणूची पावडर मिळते. ती खाल्ली की अळीचं पोट बिघडून ती मरते, माणसाला आणि ढालकिड्याला अपाय नाही. मात्र जवळपास कुणी रेशमाचे किडे पाळत असेल तर वापरू नका, कारण रेशमाची अळीही अळीच!

आणि एक इशारा. आपल्याकडे तंबाखूचं पाणी उकळून शिंपडायची जुनी पद्धत आहे. देशी म्हणजे निर्धोक, असं समजू नका. तंबाखूतलं निकोटीन हे जहालच विष. ते कातडीतूनही अंगात भिनतं आणि मधमाश्या मारतं. खायच्या पाल्यावर तर नकोच नको.

औषध की विष?

आपली भाषा बघा. पिकावर मारतो ते 'औषध'. आजारी माणसाला देतो तेही 'औषध'. आणि गावात एखाद्या घरासमोर गर्दी जमली आणि कुणी हळूच म्हणालं, "तिनं औषध घेतलं," तर त्याचा अर्थ काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. बचत गटाच्या कामात अशा घरी जाऊन बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे. रागाचा, दुःखाचा एक क्षण असतो. तो क्षण निघून जातो, पण त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं. श्रीलंकेने १९९५ नंतर एकेक करून जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, औषधाची बाटली स्वयंपाकघरात, माळ्यावर, न्हाणीत ठेवू नका. घराबाहेर कुलपात ठेवा. किल्ली एका जबाबदार माणसाकडे असू द्या. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. लहान लेकराला त्यातलं काय कळणार?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती रोजची फवारणी करणारी माणसं होती. मग आपण साध्या साडीवर, नाकाला पदर लावून अंगणात फवारतो, तेव्हा काय होत असेल?

आणि खाण्याचं काय? शेतातल्या पिकावर फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पण कढीपत्ता आपण रोज खुडतो, कोथिंबीर रोज, तुळशीचं पान रोज तीर्थात. थांबणार कधी? "धुऊन घेतलं की झालं," असं अनेकजणी म्हणतात. पण काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात मुरतात. ती धुऊन जात नाहीत. मोनोक्रोटोफॉस या औषधाला भाजीपाल्यावर वापरायला सरकारने २००५ सालीच बंदी केली, ती काही उगीच नाही.

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, तो घरातल्या प्रत्येक बाईला वाचता आला पाहिजे. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वात सौम्य. सौम्य म्हणजे बिनविषारी नव्हे!

थोडं त्यांनाही

आपल्या परसात राखणदारही असतात. खंडोबाचा घोडा बघता बघता अळी पकडतो. कुंभारीण माशी अळ्या उचलून आपल्या मातीच्या घरात पिलांसाठी भरून ठेवते, म्हणून भिंतीवरचं ते घर झाडूने पाडू नका. एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ती अळी मारू नका. तिच्या अंगात दुसऱ्या माशीची पिलं वाढून बाहेर आलेली असतात आणि तीच पुढे बाकीच्या अळ्यांना गाठतात. चिमणी, बुलबुल, दयाळ हेही आपल्या पिलांना अळ्याच भरवतात. एकदा औषध मारलं, की चोराबरोबर हे सगळे राखणदारही जातात. पुढच्या महिन्यात कीड परतते तेव्हा तिला अडवायला कुणीच उरलेलं नसतं.

मोठं झाड चार पानं गेली तरी सहज सोसतं. जपायचं ते कोवळ्या रोपाला. हा फरक ओळखला, की निम्मी काळजी मिटते.

आमच्या गटाने आता एक नेम केला आहे. दर शनिवारी हप्त्याची बैठक ज्या घरी, त्या घरच्या परसात आधी दहा मिनिटं फेरी. प्रत्येकीने पाच पानं उलटून बघायची आणि कोण सापडलं ते सांगायचं. मघाच्या त्या वहिनींच्या कढीपत्त्यावर सात अळ्या निघाल्या. चार आम्ही शेजारच्या मोठ्या लिंबावर सोडल्या आणि तीन त्यांच्या लेकीने बरणीत ठेवल्या. वर जाळीचं फडकं बांधलं आणि रोज ताजा पाला घातला. दोन आठवडे उलटल्यावर एका सकाळी काळी-पिवळी नक्षी असलेलं फुलपाखरू बाहेर आलं, तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. पंपात उरलेलं औषध वहिनींच्या मालकांनी शेतातच, चिठ्ठी वाचून संपवलं.

तुमच्या गटातही अशी फेरी सुरू करा. एक वही घाला. तारीख, झाड, कीड आणि काय केलं, एवढंच लिहायचं. पुढच्या मृगात ती वही उघडली, की कोण कधी येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.